ग्रामीण निसर्गचित्रकाराला तोच तो परिसर रंगवताना प्रेरणा मिळते तरी कुठून?

माझ्या मते त्या परिसराशी असलेल्या ओळखीतून. इंग्लंडचा चित्रकार जॉन कॉन्स्टेबल याचं (१७७६–१८३७) आयुष्य पाहा. सफोकमधल्या ईस्ट बर्गहोल्ट गावचा हा मुलगा. वडिलांच्या पिठाच्या गिरण्या होत्या, त्यात वाऱ्यावर चालणारी पवनचक्कीही होती, आणि तरुणपणी त्यानेही तिथे काम केलं. पवनचक्कीवाल्याला आभाळ वाचावंच लागतं; वाऱ्यावर पोट असतं ना! ती नजर पुढे चित्रात उतरली. १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला त्याने नुसत्या ढगांची कितीतरी छोटी अभ्यासचित्रं रंगवली. त्यातल्या अनेकांच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहिलेली आहे. मला तर त्याच्या मोठ्या चित्रांपेक्षाही हे छोटे कागद जास्त आवडतात.

त्याला डोंगर-दऱ्यांच्या भव्यतेची ओढ नव्हती. बांधावरून सुटणारं पाणी, कुजलेल्या फळ्या, शेवाळलेले खांब, विलोची झाडं हेच त्याला प्रिय होतं, असं त्याने मित्राला पत्रात लिहिलंय. ‘द हे वेन’ (म्हणजे गवताची गाडी, १८२१) या त्याच्या चित्रातही वडिलांच्या फ्लॅटफर्ड गिरणीजवळची स्टूर नदी आणि पाण्यातून जाणारी गाडी, एवढंच आहे. आणि हे चित्र रंगवलं लंडनच्या स्टुडिओत, गावाकडच्या जुन्या स्केचेसवरून!

मायदेशी कौतुक उशिरा झालं. याच चित्राला १८२४ मध्ये पॅरिसला सुवर्णपदक मिळालं, पण रॉयल अकॅडमी या लंडनच्या मानाच्या कलासंस्थेचं पूर्ण सदस्यत्व मिळायला १८२९ उजाडलं. तेव्हा तो ५२ वर्षांचा होता आणि पत्नी मारिया आदल्याच वर्षी क्षयाने गेली होती. त्यानंतरच्या चित्रांतलं आभाळ बघा, किती काळवंडलंय.