प्रयोगासाठी शुद्ध मानवी अपोलिपोप्रोटीन ए-वन प्लाझ्मातून काढलेले घ्यावे की जिवाणूंत तयार केलेले? आणि कुपी बदलली की निकाल का बदलतात?

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. मॅक्रोफेजसारख्या (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक) पेशींवर काम करणार असाल तर मानवी प्लाझ्मातल्या एचडीएलपासून, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या ज्या कणांचे हे मुख्य प्रथिन आहे त्यांच्यापासून, वेगळे केलेले अपोलिपोप्रोटीन ए-वन (थोडक्यात अपो-ए-वन) घ्या. एखादे अमिनो आम्ल बदलून त्याचा परिणाम पाहायचा असेल तर जिवाणूंत तयार केलेल्या प्रथिनाला पर्याय नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला सविस्तर लिहावे लागेल, कारण नेमक्या त्याच प्रश्नापायी माझे चार महिने वाया गेले आणि त्यावरून झालेला वाद माझ्या बाजूने अजून मिटलेला नाही.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी जे-७७४ या उंदराच्या मॅक्रोफेज पेशींवर काम करत होतो. ट्रिशियम या किरणोत्सारी हायड्रोजनने खूण केलेले कोलेस्टेरॉल या पेशींत भरायचे, चक्रीय एएमपी देऊन त्यांच्यातला एबीसीए-१ हा कोलेस्टेरॉल बाहेर टाकणारा वाहक वाढवायचा आणि मग माध्यमात मेदरहित अपो-ए-वन घालून चार तासांत किती कोलेस्टेरॉल बाहेर येते ते मोजायचे, असा तो प्रयोग होता. जुन्या कुपीवर आकडे सुरेख येत होते. नवी कुपी उघडली आणि प्रथिन घातलेल्या व न घातलेल्या वेलमध्ये फरकच दिसेना. आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, ‘विकत आणलेले प्रथिन आहे, लेबलवर ९५ टक्के शुद्धता लिहिली आहे. तुझ्या पेशीच म्हाताऱ्या झाल्या आहेत.’ मी गोठवून ठेवलेल्या नव्या पेशी काढल्या, सीरम बदलले, चक्रीय एएमपीही नवे मागवले. आकडे जागचे हलले नाहीत. प्रथिनाबद्दल शंका काढली तेव्हा सरांनी एसडीएस जेल (प्रथिने आकारानुसार वेगळी करणारी चाचणी) चालवून २८ किलोडाल्टनचा एकच स्वच्छ पट्टा मला दाखवला आणि विषय संपवला.

त्या पट्ट्यानेच आमची फसगत केली. त्या जेलमधला एसडीएस हा साबणासारखा पदार्थ प्रत्येक प्रथिनाची घडी उलगडतो आणि चिकटलेले रेणू सुटे करतो. त्यामुळे कुपीत अपो-ए-वन सुटे असो की पुंजक्यांत अडकलेले असो, जेलवर पट्टा तोच दिसतो. शुद्धता म्हणजे दुसरे प्रथिन मिसळलेले नाही, एवढेच. हे प्रथिन मेद उचलू शकते की नाही, याबद्दल जेल काहीही सांगत नाही.

या रेणूचा स्वभावच तसा आहे. अपो-ए-वन २४३ अमिनो आम्लांचे असून त्याचा बराचसा भाग अशा सर्पिलांचा बनलेला आहे, ज्यांची एक बाजू पाण्याकडे झुकते आणि दुसरी पाणी टाळते. एचडीएलच्या कणावर ही दुसरी बाजू मेदाला चिकटून सुखात असते. मेद काढून टाकला की तिला आधार उरत नाही आणि असे रेणू एकमेकांच्याच कुशीत शिरतात. विरघळवताना द्रावण जितके घट्ट, तितके हे प्रमाण वाढते, आणि गोठवून वाळवण्याच्या प्रक्रियेत काय घडून गेले आहे ते पुडीकडे पाहून ओळखता येत नाही.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी, प्रयोगशाळेत कोणी नसताना, मी डीएमपीसीची चाचणी लावली. डीएमपीसी या फॉस्फोलिपिडचे पाण्यातले मिश्रण ताकासारखे पांढुरके असते. २४ अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचे पापुद्रे गोठलेल्या अवस्थेतून प्रवाही अवस्थेत जातात, तेव्हा त्यांत फटी पडतात आणि कार्यक्षम अपो-ए-वन त्या फटींतून शिरून पापुद्र्यांच्या बारीक चकत्या करते. दोन क्युव्हेट शेजारी ठेवले, एकात जुन्या कुपीतले उरलेले प्रथिन आणि दुसऱ्यात नवे, आणि ३२५ नॅनोमीटरवर गढूळपणा मोजत बसलो. पहिला क्युव्हेट काही मिनिटांतच निवळू लागला आणि थोड्या वेळाने त्याच्यामागे धरलेल्या कागदावरची अक्षरे वाचता येऊ लागली. दुसरा होता तसाच पांढुरका राहिला. मग नवे प्रथिन ६ मोलर ग्वानिडीन हायड्रोक्लोराइडमध्ये रात्रभर पूर्ण उलगडू दिले, ग्वानिडीन निघून जावे म्हणून थंड खोलीत बफर अनेकदा बदलून त्याचे डायलिसिस केले आणि चाचणी पुन्हा लावली. या वेळी तेही निवळले. त्याच आठवड्यात पेशींवरचे आकडेही परत आले.

सर याला योगायोग म्हणाले. मी तीन वेळा करून दाखवले, तरी त्यांचा ग्रह बदलला नाही. माझे मत आजही स्पष्ट आहे: मेदरहित अपो-ए-वन ग्वानिडीनमधून न काढता थेट पेशींवर घालणे चूक आहे आणि कुपीवरचे प्रमाणपत्र ती चूक झाकू शकत नाही. शिवाय पूड तोलून प्रमाण ठरवू नका, कारण त्या वजनात क्षार आणि ओलावाही असतो. डायलिसिसनंतर २८० नॅनोमीटरवर शोषण मोजा. मिलिलिटरला १ मिलिग्रॅम प्रथिन असेल तर १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ते सुमारे १.१३ येते.

जिवाणूंत तयार केलेल्या प्रथिनाबद्दल माझी तक्रार घडीची नाही, एंडोटॉक्सिनची (जिवाणूंच्या आवरणातल्या विषारी पदार्थाची) आहे. अपो-ए-वन एंडोटॉक्सिनला धरून ठेवते, म्हणून ते काढून टाकणे जिकिरीचे होते, आणि मॅक्रोफेज तर त्याच्या अत्यल्प अंशानेही चेतवले जातात. परिणाम प्रथिनाचा की एंडोटॉक्सिनचा हे ओळखण्यासाठी पुष्कळ जण प्रथिन उकळून निकामी करून नियंत्रण नमुना करतात. इथे तो भरवशाचा नाही, कारण तापवलेले अपो-ए-वन थंड झाल्यावर बऱ्याच अंशी पुन्हा आपल्या घडीत येते. त्यापेक्षा एंडोटॉक्सिनला निष्प्रभ करणारे पॉलिमिक्सिन-बी घातलेला नमुना सोबत ठेवा आणि एंडोटॉक्सिन प्रत्यक्ष मोजून घ्या. साठवणुकीसाठी लहान लहान वाटे करून उणे ८० अंशांवर ठेवा आणि एकदा वितळवलेला वाटा पुन्हा गोठवू नका.

काही मर्यादाही सांगायला हव्यात. डीएमपीसीच्या चाचणीने सगळेच दोष पकडता येत नाहीत. ११२ आणि १४८ या जागांवरच्या मेथिओनीनचे ऑक्सिडीकरण झालेले प्रथिनही डीएमपीसी उत्तम निवळवते, परंतु १४८ व्या जागेवरचा हा बदल एलकॅट या (एचडीएलवरच्या कोलेस्टेरॉलवर प्रक्रिया करणाऱ्या) विकराला चेतवण्याच्या कामी नडतो. तुमचे काम एलकॅटवर असेल तर वस्तुमान तपासून घ्या. दोन्ही जागी ऑक्सिडीकरण झाले असल्यास ते ३२ डाल्टनने वाढलेले दिसेल. अपो-ई हे याच कुळातले दुसरे प्रथिन वापरणार असाल तर माझी पद्धत जशीच्या तशी उचलू नका. अपो-ए-वनमध्ये सिस्टीन (एकमेकांशी गंधकाचे बंध जोडणारे अमिनो आम्ल) मुळीच नाही, पण अपो-ई-२ आणि अपो-ई-३ मध्ये ते आहे, म्हणून तिथे ग्वानिडीनबरोबर ते बंध तोडणारे डीटीटीसारखे क्षपणकारकही लागते. आणि प्लाझ्मातून आलेले कोणतेही प्रथिन, दात्याच्या विषाणू चाचण्या झालेल्या असल्या तरी, संसर्गजन्य समजूनच हातमोजे घालून हाताळा.

तुमच्या दोन्ही कुप्यांमधले थोडे थोडे प्रथिन शिल्लक असेल तर कृपया ते टाकून देऊ नका. पेशी बदलण्यापूर्वी दोन्ही नमुने डीएमपीसीच्या शेजारी-शेजारच्या क्युव्हेटमध्ये लावा. मी तेवढे पहिल्याच आठवड्यात केले असते तर माझे चार महिने वाचले असते.