मनांगला थेट जीपने जावे का?

प्रश्न : आम्ही पाच मित्र, सगळे पन्नाशीच्या आसपासचे. रविवारी येऊर आणि पावसाळा सरला की माहुली, कळसूबाई हे आमचे नेहमीचेच. ऑक्टोबरमध्ये नेपाळमधील अन्नपूर्णा परिक्रमेच्या वाटेवरची थोराँग ला ही खिंड ओलांडायची आहे. रजा कमी असल्याने बेसीसहरहून जीपने एका दिवसात मनांग गाठून तिसऱ्या दिवशी खिंड पार करावी, असे ठरते आहे. जमेल का?
— एक वाचक, चरई, ठाणे

उत्तर : तुमच्या पायांबद्दल मला शंका नाही, बेत मात्र बदलावा लागेल. बेसीसहर समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या आत आहे, मनांग सुमारे ३५०० मीटरवर आणि खिंड ५४१६ मीटरवर. जीपने हाडे खिळखिळी होतात, पण विरळ हवेची सवय होत नाही; ती मुक्कामांनीच होते. म्हणून रोज किती चालणार यापेक्षा रोज किती उंचीवर झोपणार, हे आधी कागदावर मांडावे. ३००० मीटरच्या वर एका मुक्कामाहून पुढचा मुक्काम साधारण ५०० मीटरपेक्षा उंच नसावा आणि तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढावी, असा संकेत आहे. कळसूबाईच्या १६४६ मीटरवर दम वाढतो, ही सवय लागत नाही.

जीप वाटेतल्या चामे गावापर्यंतच घ्यावी. पुढे पिसांगला एक रात्र, मनांगला दोन, मग याक खर्क आणि थोराँग फेदी येथे एकेक. डोके दुखून मळमळू लागले, तर त्या दिवशी वर चढू नये. कोणी सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकताना झोकांड्या खाऊ लागला, किंवा बसल्या जागी धापा टाकू लागला, तर रात्र असली तरी त्याला सोबतीने खाली न्यावे. विरळ हवेचा त्रास टाळण्यासाठीची डायमॉक्स ही गोळी घ्यायची असल्यास डॉक्टरांना विचारूनच घ्यावी आणि सल्फाची ॲलर्जी असल्यास तसे त्यांना सांगावे. घाईवर मात्र ती उतारा नाही.

खिंडीतून मुक्तिनाथपर्यंतची सुमारे १६०० मीटरची उतरण, म्हणजे कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची जवळजवळ सगळी उंची, एका दिवसात गुडघ्यांवर येते. तेव्हा माहुलीला चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव पाठीवर वजन घेऊन करावा.

ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळाच्या अवशेषांमुळे या परिसरात हिमवादळ होऊन चाळीसहून अधिक माणसे दगावली. परतीचे तिकीट काढताना दोन दिवस हाताशी ठेवावेत. तेवढी रजा मिळत नसेल, तर यंदा मनांगला दोन रात्री राहून आल्या वाटेने परतावे.