वासोट्याला पलीकडे तंबू लावता येत नाही, शनिवारचा बेत बदला

तुमचा बेत वाचला: नऊजण, शनिवारी दुपारी बामणोलीहून कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून बोट, रात्री पलीकडच्या काठावर मेट इंदवलीला तंबू, रविवारी पहाटे वासोटा किल्ला आणि जमलं तर नागेश्वरची गुहा. 'पलीकडे राहता येतं असं फोनवर सांगितलंय' हे वाचलं आणि राहवलं नाही. आम्हालाही फोनवर हेच सांगितलं होतं.

पलीकडे मुक्काम करता येत नाही. कोयना अभयारण्य 1985 सालचं, आणि 2010 पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. पूर्वी ट्रेकर मेट इंदवलीला राहायचे, त्याची वर्णनं अजून नेटवर सापडतात. त्यांच्या भरवशावर जाऊ नका. आता सकाळी जायचं आणि अंधाराच्या आत परत यायचं.

आम्हाला ज्या कार्यालयाने सांगितलं त्याचं नाव लिहीत नाही. परवानगी देण्याशी त्यांचा संबंधच नव्हता, आणि माझा राग त्याचाच आहे. माहिती नसेल तर 'वनखात्याला विचारा' म्हणायला काय जातं? पण नाही. 'या हो बिनधास्त, सगळे राहतात.' पुन्हा फोन केला तरी तेच. आम्ही गाडी ठरवली, तंबू भाड्याने घेतले, दुपारी पोचलो. बामणोलीच्या बोटीच्या धक्क्यावर सांगितलं की या वेळेला निघून संध्याकाळच्या आत परत येणं होणार नाही, बोट सोडता येत नाही. त्यांचं बरोबरच होतं. पैसे गेले ते गेले, पण सोबत माझे काका होते. 1818 साली इंग्रजांनी जुन्या वासोट्यावर, म्हणजे किल्ल्यासमोरच्या डोंगरावर, तोफा चढवून किल्ल्यावर मारा केला, ती जागा समोरून बघायची म्हणून ते महिनाभर रोज टेकडी चढत होते. पुढे गुडघ्याने साथ सोडली आणि त्यांचा वासोटा राहूनच गेला. फोनवरच्या त्या माणसाला याचा पत्ताही नसेल.

म्हणून सांगतो, ज्याच्या सहीने जंगलात सोडतात त्यालाच विचारा. बोट वेगळी, वनखात्याची परवानगी वेगळी. बोटवाला हो म्हणाला म्हणजे जंगल हो म्हणालं असं नाही. नियम आणि दर बदलत असतात, तेव्हा माझंही अंतिम धरू नका, निघण्याआधी खात्री करून घ्या.

वेळेचं गणित असं. शिवसागरातून बोटीला एका बाजूने साधारण दीड तास, चढायला दोन-अडीच तास, वर बाबूकडा हा उंच कडा आणि माची बघायला तास तरी हवाच. बोट थांबायची वेळ ठरलेली असते. त्यामुळे पहिल्या बोटीत बसलात तरच दिवस पुरतो. नागेश्वर या वेळी सोडा. काहीजण एका दिवसात दोन्ही करतात, पण नऊजणांत एक तरी हळू चालणारा असतोच आणि मग सगळेच धावतात. हे माझं मत, पटलं नाही तरी चालेल.

बोटीचं भाडं अख्ख्या बोटीचं असतं, नऊजणांना ते परवडेल. जीवरक्षक जॅकेट मागून घ्या आणि अंगात घाला, सीटखाली ठेवू नका. पाणी स्टीलच्या बाटल्यांतून न्या. जंगलात शिरण्याआधी पिशव्या तपासून प्लास्टिकची नोंद करतात, त्यात वेळ जातो. उन्हाळ्यात जाणार असाल तर धरणाचं पाणी उतरलेलं असतं, बोट लांब लागते आणि उन्हात जास्तीचं चालावं लागतं. मला विचाराल तर डिसेंबर-जानेवारी उत्तम.

आणि कृपा करून जंगलात स्पीकर नेऊ नका. गवे आणि अस्वलं आहेत तिथे, आणि बाकीचे लोक ती शांतता अनुभवायलाच एवढ्या लांब आलेले असतात.

शनिवारची रात्र बामणोलीतच काढा, घरगुती जेवणाची सोय होते. तंबूत झोपायचंच असेल तर अलीकडच्या काठावर ज्याची जमीन आहे त्याला आधी विचारून लावा, आणि परवानगीसाठी प्रत्येकाच्या ओळखपत्राची झेरॉक्स रात्रीच एकत्र करून ठेवा.