दहा बाय अकराच्या खोलीत बोरघाट: आधी गाडी मोजा

तुमच्या मॉडेल रेल्वेचा आराखडा पाहिला. दहा बाय अकरा फुटांची खोली, मधोमध आठ बाय चारची प्लायवूडची फळी, तिच्यावर एचओ स्केलमध्ये दोन गोल, आतल्या गोलातून वर चढणारा बोरघाट आणि तीन बोगदे. तुमचा प्रश्न एवढाच, की चढ जमेल का? चढ जमेल हो. अडचण गाडीची आहे.

एलएचबी, म्हणजे हल्लीच्या मेल-एक्स्प्रेसचा डबा साधारण २४ मीटर लांब असतो. एचओमध्ये, म्हणजे १:८७ ला, तो साडेसत्तावीस सेंटिमीटरचा होतो. वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या निदान तिप्पट धरायची, हा या छंदातला जुना ठोकताळा. म्हणजे ८० सें.मी.च्या वर. तुमची फळी १२२ सें.मी. रुंद, तिच्यावर ५५ च्या पुढे वळण बसतच नाही. डब्यांमधली जुळणी (कपलिंग) ओढली जाईल, डब्याचं पोट बाहेर लटकेल आणि बोगद्याच्या तोंडाला घासेल. एन स्केलमध्ये, १:१६० ला, तोच डबा १५ सें.मी.चा आणि वळण ४५ चं. तुमच्या खोलीला एनच घ्या. भारतीय ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मि.मी., ते १:१६० ला साडेदहा मि.मी. यायला हवं आणि बाजारातला रूळ ९ चा आहे, त्यामुळे थोडं अरुंद दिसेल. एचओमध्येही हाच घोळ आहे, तेव्हा ते मनावर घेऊ नका.

दुसरं, फळी मधोमध ठेवू नका. आणि भिंतीला टेकवून तर मुळीच नको. माझं पहिलं टेबल तसंच होतं. आतल्या कोपऱ्यात बोगदा, आणि डबा नेमका तिथेच पडायचा. मी डोंगरावर पालथा पडून हात घालायचो. दोन पावसाळ्यांत सह्याद्रीला माझ्या छातीचा आकार आला. हात आरामात ६० सें.मी. पोचतो, ताणून ७५. त्यापलीकडे रूळ टाकायचा नाही.

म्हणून रुंद फळीऐवजी तीन भिंतींना लागून यू आकाराचं अरुंद शेल्फ करा, दाराची भिंत मोकळी सोडा. छातीच्या थोडं खाली, सव्वाशे सें.मी.च्या आसपास उंची ठेवा. गाडी वरून पाहिली की खेळणं वाटते, डोळ्यांच्या जवळ आली की गाडी वाटते.

आता घाट. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर. १:१६० ला ते १७५ मीटर होतात, म्हणजे सोसायटीचं पार्किंग लागेल. तेव्हा अख्खा घाट करायचा नाद सोडा. घाटात गाडी नुसती चढते, बघायला दोन मिनिटं छान वाटतं. खरं काम कर्जतला असतं. मुंबईकडून आलेली गाडी थांबते, मागे बँकर (ढकलणारी जादा इंजिनं) लागतात, गाडी वर ढकलली जाते, लोणावळ्याला बँकर सुटतात आणि खाली परततात. शिवाय कर्जतला लोकल संपते, खोपोलीची गाडी सुटते, पनवेलची लाइन येऊन मिळते. संध्याकाळभर हात रिकामा राहत नाही. लेआउट कर्जतचा करा, घाट त्याच्या मागे येईल.

मोजमाप असं. सहा डबे, पुढे एक इंजिन, मागे एक बँकर: सुमारे ११५ सें.मी. (पूर्ण २४ डब्यांची गाडी ३.६ मीटर होते, तुमच्या भिंतीहून लांब.) अकरा फुटी भिंतीवर कर्जत, १३० सें.मी.चे तीन-चार लूप (गाडी उभी करायच्या बाजूच्या लाइनी), दोन्ही टोकांना सांध्यांसाठी (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते तिथे) अर्धा-अर्धा मीटर. उरलेल्या मीटरभरात चढ सुरू करा आणि मधली भिंत पूर्ण वापरा. बोरघाटाचा चढ ३७ ला १. चार मीटरमध्ये सुमारे ११ सें.मी. उंची मिळते, लोणावळा तेवढा वर. डोळ्यांना ते पुष्कळ वाटतं. फक्त चढाची सुरुवात आणि शेवट एकदम मोडू नका, अर्ध्या-पाऊण मीटरात हळूहळू वळवा, नाहीतर जुळण्या सुटतात.

इथे एक गंमत आहे. या चढावर मॉडेलचं इंजिनही धापा टाकतं, म्हणजे बँकर खरोखरच कामाला येतो. पण मागून ढकलताना हलका डबा वळणावर उडतो. म्हणून सगळे डबे सारख्या वजनाचे करा, १५ सें.मी.च्या डब्याला ४० ग्रॅमच्या आसपास. दोन्ही इंजिनांचा वेगही जुळवून घ्यावा लागतो, त्यासाठी डीसीसी (प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम देणारी डिजिटल यंत्रणा) हवंच. साध्या डीसीवर हा प्रकार करू नका.

मुलाला गोल फिरणारी गाडी हवी, असंही तुम्ही लिहिलंय. लोणावळ्याच्या टोकाला शेल्फ मीटरभर रुंद करून परतीचा लूप द्या, गाडी वळून खाली येईल. अशा लूपमध्ये उजवा रूळ डाव्याला जाऊन भिडतो आणि शॉर्ट होतं. लूप दोन्ही टोकांना इन्सुलेट करून मध्ये ऑटो-रिव्हर्सर (रुळांचे ध्रुव आपोआप उलटवणारं यंत्र) बसवा. लूपचा इन्सुलेटेड भाग तुमच्या सर्वांत लांब गाडीपेक्षा मोठा असू द्या, इथे बरेच जण फसतात.

जुन्या काळाची हौस असेल तर १९२९ च्या आधीचा घाट करा. तेव्हा खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं, गाडी पुढे जाऊन थांबायची आणि उलट्या दिशेने पुढचा चढ घ्यायची. अरुंद शेल्फवर उंची मिळवायला याहून सोपी युक्ती नाही. पण वाफेची इंजिनं शोधत बसावं लागेल.

वायरिंगबद्दल थोडक्यात: खालून दीड स्क्वेअर मि.मी.च्या वायरची जाड जोडी फिरवा आणि दर मीटरला रुळाला वायर डाखा. जोडपट्ट्यांवर विसंबू नका. मग जागोजागी दोन्ही रुळांवर नाणं आडवं ठेवून पाहा. यंत्रणा प्रत्येक वेळी ट्रिप झाली पाहिजे.

लाकूड बीडब्ल्यूपी (पाण्याला दाद न देणारा) प्लायच घ्या, खालूनही रंग मारा. आपल्याकडे जुलैत लाकूड फुगतं, एप्रिलमध्ये आकसतं आणि रूळ मधेच कमान काढतो. माझा काढला होता. पावसाळ्यात रूळ टाकत असाल तर रुळांच्या जोडांत बारीक फट सोडा.

डोंगराला थर्मोकोल आणि प्लास्टर, जंगलाच्या जमिनीला चहाचा चोथा उन्हात कडक वाळवून. चोथा ओलसर राहिला तर बुरशी येते, आणि घरचे आधीच वैतागलेले असतात. घाटातली माती आणून टाकायचा मोह होईल. टाका, पण आधी तिच्यातून लोहचुंबक फिरवा. काळ्या दगडाच्या भुकटीत चुंबकाला चिकटणारे कण असतात, ते इंजिनाच्या मोटरीत जाऊन बसतात.

खिडकी कोणत्या भिंतीला आहे ते आराखड्यात दिसत नाही. पश्चिमेची असेल तर कर्जत त्या उन्हाच्या टप्प्यात नको, प्लॅस्टिकच्या इमारती वाकतात. तेवढं कळवा, मग सांधे कुठे बसवायचे ते बघू.