वेदनेवर संशोधन करणारे न्यूरोसायंटिस्ट दिवसभर नक्की करतात काय? आणि इतकं करून चांगलं पेनकिलर का येत नाही?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकून हसाल. मी इतकी वर्षं रबरी नळी तोंडात धरून हवा ओढतेय.

याला पॅच क्लॅम्प म्हणतात, म्हणजे एकेका पेशीतले विजेचे सिग्नल मोजायचे. नेहर आणि साकमन या दोन शास्त्रज्ञांनी 1976 मध्ये आणलेली पद्धत, 1991 चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. उंदराच्या मज्जारज्जूची जेमतेम 300 मायक्रॉनची चकती कापायची, ऑक्सिजन सोडलेल्या खारट द्रवात ती जिवंत ठेवायची, मायक्रोस्कोपखाली एक पेशी हेरायची आणि टोकाला साधारण एक मायक्रॉनचं भोक असलेली काचेची पिपेट तिच्याजवळ न्यायची. नेताना पिपेटमधून हलका दाब ठेवायचा नाहीतर टोक तुंबतं, पेशीवर बारीक खळी पडलेली दिसली की दाब सोडायचा आणि पिपेटला जोडलेल्या त्या रबरी नळीतून हवा तोंडाने अगदी हळू ओढायची. नशीब असेल तर काच पेशीला घट्ट चिकटते, मग अजून एक छोटासा झटका, की पेशीचा पडदा फुटतो आणि शेजारची पेशी तिला काय सिग्नल पाठवतेय ते समोर स्क्रीनवर दिसायला लागतं. आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी दार आपटतं. गेली पेशी. संध्याकाळपर्यंत एकही धड रेकॉर्डिंग नाही असे दिवस भरपूर येतात, पीएचडीच्या पहिल्या वर्षी तर मला वाटायचं की माझे हातच खराब आहेत.

आता दुसरा प्रश्न, जो खरा आहे. इतकं सगळं कळतं मग औषध का नाही?

माझ्या मते गडबड मोजण्यात आहे. उंदीर सांगू शकत नाही की दुखतंय, म्हणून आपण त्याला जाळीवर ठेवून खालून वेगवेगळ्या जाडीचे नायलॉनचे तंतू पंजाला टोचतो आणि कोणत्या तंतूला पंजा मागे घेतो ते लिहून ठेवतो. पण पंजा मागे घेणं ही रिफ्लेक्स आहे हो, आपोआप होणारी हालचाल. पाठदुखीने रात्र रात्र झोप न लागणारा माणूस पंजा मागे घेत नसतो. दुखण्याचा सिग्नल एका पेशीकडून दुसरीकडे नेणाऱ्या सबस्टन्स पी या रसायनाचंच बघा, ते पेशीवर जिथे चिकटतं तो रिसेप्टर बंद केला की प्राण्यांचं दुखणं कमी होतंय असं दिसत होतं, माणसांच्या ट्रायलमध्ये काहीच फरक पडला नाही, त्याच गटातलं एक औषध आज केमोनंतरच्या उलट्यांसाठी देतात.

मिरचीने आग होते ती नसांवरच्या ज्या टीआरपीव्ही1 या चॅनलमुळे (पेशीच्या पडद्यातलं उघडझाप होणारं दारच म्हणा), त्याची तर वेगळीच गंमत. 1997 मध्ये डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञाच्या लॅबने ते शोधलं, साधारण 43 डिग्री सेल्सिअसला ते उघडतं. ते बंद करणारी औषधं दिली तर काही लोकांना ताप चढला आणि गरम वस्तू गरम आहे हेच नीट कळेना. म्हणजे बंद केलं काय तर धोक्याची घंटाच.

आणि एक गोष्ट जी मला अजून खुपते. आम्ही कित्येक वर्षं फक्त नर उंदीर वापरले, कारण काय तर माद्यांच्या हार्मोन्समुळे डेटा विस्कळीत होतो म्हणे (बाई असून मीही हे मान डोलावून ऐकलं). 2015 मध्ये एका अभ्यासात दिसलं की नसेच्या दुखण्यात नर उंदरांमध्ये मायक्रोग्लिया (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या रोगप्रतिकारक पेशी) लागतात, माद्यांमध्ये त्याशिवाय भागतं, तिथे बहुतेक टी पेशी (रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ते काम करतात. माझे मायक्रोग्लियाचे जुने सगळे ग्राफ अर्ध्या जगाबद्दल होते!

अगदीच अंधार आहे असंही नाही. 2006 मध्ये पाकिस्तानातल्या काही कुटुंबांत जन्मापासून दुखणंच न कळणारी माणसं सापडली, त्यांच्यात एनएव्ही1.7 हे सोडियम चॅनल, म्हणजे नसेत दुखण्याचा सिग्नल पुढे जायला लागणारं दार, बिघडलेलं होतं. त्यावरची औषधं फारशी चालली नाहीत, पण त्याचंच भावंड एनएव्ही1.8 बंद करणारं सुझेट्रिजिन जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, ओपिऑइड (मॉर्फिनसारखं, सवय लावू शकणारं औषध) नसलेलं. मात्र ती मंजुरी ऑपरेशननंतरच्या वगैरे तात्पुरत्या दुखण्यासाठी आहे, वर्षानुवर्षं चालणाऱ्या दुखण्यासाठी नाही.

या क्षेत्रात यायचा विचार असेल तर पीएचडीला नाव घालायच्या आधी महिनाभर कुठल्यातरी पॅच रिगवर (पॅच क्लॅम्पच्या यंत्रांच्या टेबलावर) बसून बघा, आणि उंदराच्या पंजाला तंतू टोचताना तुम्हाला आतून काय वाटतं तेही बघून घ्या, मला पहिला आठवडा जेवण गेलं नव्हतं.