कॅनडातल्या युकॉनला फिरायला गेलेल्या पर्यटकाला ओढ्यातलं सोनं स्वतः शोधता येतं का?

येतं, आणि तेही फुकट. डॉसन सिटीजवळच्या बोनान्झा क्रीकवर (१८९६ साली क्लोंडाइक भागातलं सोनं सापडलं, तो हाच ओढा) ‘क्लेम ६’ हा तुकडा हौशी लोकांसाठी खुला आहे (क्लेम म्हणजे सोनं काढायचा हक्क नोंदवलेली जागा). शेजारच्या क्लेमवर मात्र परात टेकवू नका, ती दुसऱ्याची मालकी.

तंत्र आपल्या झारेकऱ्यांचंच, म्हणजे सोनारांच्या दुकानातली धूळ-माती धुऊन सोनं काढणाऱ्यांचं. परातीत रेती-पाणी घेऊन आधी जोरात हलवायचं, मग कलती करून वरचं हलकं वाहू द्यायचं. सोनं पाण्याच्या १९ पट जड, वाळू जेमतेम अडीच पट. शेवटी चुंबकाला चिकटणारी काळी रेती उरते. तिच्या कडेला मोहरीहून बारीक पिवळा कण दिसला तर दिसला. अभ्रकही चमकतं म्हणा! परातीवर सावली धरा: अभ्रक विझतं, सोनं पिवळंच राहतं. रबरी हातमोजे न्याच, पाणी बोटं बधिर करतं.