विचारा बिनधास्त : कुर्रमचा एकच रस्ता

गेल्या अंकात पेशावरवर चार ओळी काय लिहिल्या, मेलबॉक्स भरला. त्यात निम्मी पत्रं कुर्रम जिल्ह्याबद्दल, आणि बहुतेक सगळी ठाणे-नवी मुंबईतली. म्हणून या वेळी फक्त कुर्रम. सोन्याच्या भावावर विचारणाऱ्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरा.

सर, नकाशात पेशावरच्या पश्चिमेला पाकिस्तानचा एक तुकडा चोचीसारखा अफगाणिस्तानात घुसलाय. तो काय प्रकार आहे? (एमपीएससी करणारा विद्यार्थी, नेरूळ)

चोच एकदम बरोबर पकडलीस, इंग्रजांनीही त्याला पोपटाची चोचच म्हटलंय. खैबर पख्तूनख्वा प्रांतातला हा कुर्रम जिल्हा, मुख्य गाव पाराचिनार. उत्तरेला अफगाणिस्तानचा नंगरहार प्रांत, पश्चिमेला पक्तिया, दक्षिणेकडे खोस्त, म्हणजे तीन बाजूंनी परका देश आणि एकच बाजू स्वतःच्या देशाला जोडलेली. उत्तरेची सगळी भिंत सफेद कोह पर्वताची, पश्तून लोक त्याला स्पीन घर म्हणतात, आणि त्यातलं सगळ्यात उंच शिखर सिकाराम साधारण 4,750 मीटर. पाराचिनार गावच मुळात 1,700 मीटरच्या आसपास आहे, म्हणजे आपलं कळसूबाई चढून वर उभं राहिलास तरी तू त्या गावच्या बाजारपेठेपेक्षा खालीच असशील.

काबूल तिथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. पेशावर मात्र रस्त्याने दोनशेच्या वर, तेही थल, हंगू, कोहाट असा वळसा घालून. ही दोन अंतरं लक्षात ठेव, पुढे सगळं त्यावरच आहे.

आणि परीक्षेसाठी एक जास्तीचं: ऋग्वेदाच्या नदीसूक्तात कुभा, गोमती यांच्यासोबत जी क्रुमू नदी येते ना, ती हीच कुर्रम. कुभा म्हणजे काबूल नदी, तिथली गोमती म्हणजे गोमल, लखनौवाली नव्हे.

आपण अटकेपार झेंडे लावले तेव्हा मराठे या भागात गेले होते का? आणि इंग्रजांनी हा डोंगराळ तुकडा कशाला घेतला? (निवृत्त बँक कर्मचारी, नौपाडा)

काका, पहिल्याचं उत्तर नाही. 1758 च्या एप्रिलमध्ये अटक आणि मे महिन्यात पेशावर, इथपर्यंत आपली फौज पोचली. कुर्रम तिथून नैर्ऋत्येला डोंगरांपलीकडे, तिकडे कोणी वळलं नाही.

इंग्रजांचं दुसरं प्रकरण. काबूलला जायचा खैबरखिंडीचा रस्ता सगळ्यांना माहीत असतो, पण कुर्रम खोऱ्यातून पैवार कोतल (कोतल म्हणजे खिंडच), मग शुतुरगर्दन खिंड आणि तिथून लोगरमार्गे काबूल, हाही रस्ता होता. दुसऱ्या अफगाण युद्धात जनरल रॉबर्ट्स याच वाटेने निघाला. पैवार कोतलवर अफगाण तोफा मांडून बसलेले, समोरून चढणं म्हणजे आत्महत्याच, म्हणून त्याने 1 डिसेंबर 1878 च्या रात्री छावणीतल्या शेकोट्या तशाच पेटत्या ठेवल्या आणि फौजेचा मोठा भाग घेऊन बाजूच्या स्पिनगवी कोतलवर अंधारात चढाई सुरू केली. वाटेत त्याच्याच 29 व्या पंजाब पलटणीतल्या पठाण शिपायांनी बंदुकीचे बार काढले, वरच्यांना सावध करायला! समोर आपलेच पठाण, हातात बंदूक इंग्रजांची, करणार काय. अफगाण पहारेकऱ्यांनी त्या आवाजाकडे फार लक्ष दिलं नाही आणि सकाळपर्यंत स्पिनगवीवरची त्यांची फळी कोसळली. त्या शिपायांचं नंतर कोर्टमार्शल झालं.

1879 च्या गंडमक तहात कुर्रमचा ताबा इंग्रजांकडे आला. मग ते युद्ध संपल्यावर निघून गेले, पण आजूबाजूच्या टोळ्यांनी घेरलेल्या तुरी या तिथल्या शिया जमातीच्या लोकांनीच त्यांना परत बोलावलं, 1892 मध्ये इंग्रज परत आले आणि पुढच्याच वर्षी ड्युरंड रेषा, म्हणजे अफगाणिस्तानची हद्द, ठरली ती कुर्रमला आत घेऊन. नेरूळच्या विद्यार्थ्याची चोच अशी तयार झाली.

अजून एक, हे मला स्वतःला फार खटकतं. 1919 च्या तिसऱ्या अफगाण युद्धात अफगाण सेनापती नादिर खानने कुर्रमच्या तोंडावरच्या थल ठाण्याला वेढा घातला आणि तो उठवायला जो अधिकारी पाठवला तो होता डायर. होय, तोच. जालियनवाला बागेनंतर दोन महिनेही झाले नव्हते, आणि थलच्या कामगिरीबद्दल त्याचं कौतुक चाललं होतं.

वाशीच्या मसाला मार्केटमध्ये आम्ही अक्रोड घेतो, ते तिकडचे असतात का हो? (गृहिणी, ऐरोली)

पाराचिनारचे अक्रोड आणि सफरचंद नामी असतात खरं, पण ताई, तुमच्या पिशवीत ते येणं अवघड. 2 मे 2025 पासून पाकिस्तानातून कुठलीही आयात बंद आहे, आणि त्याआधी 2019 पासून 200 टक्के ड्युटी होतीच. वाशीत मिळतात ते काश्मिरी, नाहीतर कॅलिफोर्निया-चिलीचे. दुकानदार "काबुली माल" म्हणाला तर अंजीर-जर्दाळूपुरतं ऐकून घ्या.

2024 मध्ये तिथे गाड्यांच्या ताफ्यावर हल्ला झाला. हे शिया-सुन्नी भांडण आहे ना? मग आत्ताच का पेटतं? (कॉलेज विद्यार्थिनी, मुंब्रा)

शिया-सुन्नी आहेच, नाही कसं म्हणू. पण तेवढंच धरलंस तर अर्धीच गोष्ट कळेल. बाकी पश्तून बहुतेक सुन्नी, तर इथली तुरी ही जमात पूर्ण शिया. बंगश जमातीत दोन्ही. मंगल, मुकबिल, पारा चमकनी वगैरे सुन्नी. वरच्या कुर्रममध्ये, पाराचिनारच्या बाजूला शिया जास्त, खालच्या आणि मध्य कुर्रममध्ये सुन्नी. सगळे पश्तूच बोलतात, पाहुणचाराचे आणि सूडाचे नियम सगळ्यांचे तेच.

भांडण सुरू कशावरून होतं ते बघ. डोंगर, चराई, जंगल, ओढ्याचं पाणी. टोळीच्या सामाईक जमिनीला तिथे शामिलात म्हणतात, आणि कुठल्या शामिलातीची हद्द कुठे यावरून पिढ्यान्‌पिढ्या वाद. 2024 च्या जुलैमध्येही बोशेहरा भागातल्या जमिनीच्या एका तुकड्यावरून ठिणगी पडली. मग दोन कुटुंबांचं भांडण टोळीचं होतं, टोळीचं झालं की पंथाचं होतं, आणि 1980 च्या दशकात अफगाण युद्धासाठी या सरहद्दीवर ओतलेली हत्यारं घराघरात आहेतच. पाकिस्तानचा लष्करशहा झिया-उल-हकच्या काळात इथूनच मुजाहिदीन अफगाणिस्तानात लढायला जायचे, निर्वासितांच्या छावण्याही इथेच, त्यामुळे शिया-सुन्नींचं जुनं गणित पार बिघडलं. 1987 ला मोठी दंगल झाली, मग 1996, मग 2007.

आता पहिल्या उत्तरातली ती दोन अंतरं आठव. पाराचिनारहून बाहेर पडायला थलचा एकच रस्ता आणि तो खालच्या कुर्रममधून जातो. म्हणजे वरच्यांची नाडी खालच्यांच्या हातात. 2007 नंतर हा रस्ता काही वर्षं जवळजवळ बंदच होता, तेव्हा पाराचिनारची माणसं पेशावरच्या दवाखान्यात जायला आधी अफगाणिस्तानात शिरायची, गर्देज, काबूल, जलालाबाद करत तोरखमला परत पाकिस्तानात यायची आणि मग पेशावर! स्वतःच्याच देशातल्या शहरात जायला परदेशातून, तेही तिथे युद्ध चालू असताना.

2024 च्या ऑक्टोबरमध्ये परत रस्ता बंद झाला. पोलीस बंदोबस्तात गाड्या सोडायला लागले तर 21 नोव्हेंबरला त्या ताफ्यावरच गोळीबार झाला, चाळीसच्या वर माणसं गेली, बायका-मुलं धरून. दुसऱ्या दिवशी बदल्यात खालच्या कुर्रममधल्या सुन्नी बगन गावची दुकानं-घरं जाळली. पाराचिनारमध्ये औषधं संपली, ईधी फाउंडेशन या पाकिस्तानी सेवाभावी संस्थेच्या विमानाने औषधं पोचवून पेशंट बाहेर काढावे लागले. 1 जानेवारी 2025 ला कोहाटच्या जिरग्यात, म्हणजे टोळ्यांच्या पंचायतीत, करार झाला की बंकर पाडायचे, जड हत्यारं जमा करायची. तीनच दिवसांनी, 4 तारखेला, तिथल्या डेप्युटी कमिशनरवरच बगनजवळ गोळ्या झाडल्या गेल्या. तेव्हा "आत्ताच का" याला माझं उत्तर एवढंच, की तुरी असो की बंगश, रस्ता अडवला की समोरचा वाकतो हे तिथे सगळ्यांना पाठ झालंय.

मग तिथे कोर्ट-कचेरी नाही का? (वकील, कळवा)

2018 पर्यंत जवळपास नव्हतीच. 1901 चा फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन चालायचा, ज्याबद्दल लोक म्हणायचे ना अपील, ना वकील, ना दलील. एकाने गुन्हा केला तर अख्ख्या टोळीला दंड, दुकानं बंद, माणसं आत. मे 2018 च्या 25 व्या घटनादुरुस्तीने हा भाग प्रांतात विलीन झाला, कोर्टं आली. पण जमिनीची केस किती वर्षं चालते ते तुम्हाला मी काय सांगणार, त्यामुळे जिरगा अजून जोरात आहे.

आमचा ट्रेकिंग ग्रुप आहे, सिकाराम करता येईल का? (घोडबंदर रोड)

नाही हो. शिखर ड्युरंड रेषेवर, व्हिसा मिळत नाही, आणि मिळाला तरी थलचा रस्ता उघडा असेल याची गॅरंटी तिथला कलेक्टरही देणार नाही. अलंग-मदन-कुलंग झालंय का तुमचं? नसेल तर आधी ते करा, फक्त पावसात जाऊ नका.